भिंतीवरची पुराची रेघ ठेवावी की पुसावी?

शाहूपुरीची शिवणवाली, कोल्हापूर

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या मागच्या अंगाला. दोन खोल्या, त्यातली पुढची माझ्या शिवणकामाची. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म. त्या खोलीच्या भिंतीवर माझ्या खांद्याच्या जरा खाली एक तपकिरी रेघ आहे. खालून जाड, वर विरत गेलेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा घरात आली आणि सहा दिवस राहून गेली, त्याची ती खूण. त्या वर्षी पैसे नव्हते म्हणून रंग दिला नाही. २०२१ च्या जुलैत पाणी परत आलं, तेव्हाही राहिलं. पुढे पैसे आले, तरी मी रंगाऱ्याला बोलावलं नाही.

आता नाताळानंतर मुलाचं लग्न आहे. सोमवारपासून रंगकाम सुरू करायचं म्हणतोय. परवा तो रेघेपाशी उभा राहून म्हणाला, "आई, पाहुणे येतील, सून येईल. किती वर्षं तो पूर भिंतीवर ठेवणार?" आणि वर बायबलातलं पौलाचं वचन सांगितलं, फिलिप्पैकरांस ३:१३, मागच्या गोष्टी विसरून पुढच्याकडे धाव घेण्याचं. संडे स्कूलला मीच पाठ करून घेतलं होतं ते. मला उत्तर सुचलं नाही. आमचे हे म्हणाले, "तुम्ही दोघं ठरवा," आणि चहा प्यायला बाहेर गेले.

ही रेघ मला का सोडवत नाही ते सांगते.

कोल्हापूरकरांना राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीचे आकडे पाठ असतात. ३९ फुटांवर इशारा, ४३ ला धोका. त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. आमच्याकडे ते दारातून आलंच नाही. आधी मोरीच्या जाळीतून बुडबुडे आले. मी बादली उपडी घातली, वर पाटा ठेवला. बादली पाट्यासकट हलायला लागली तेव्हा यांनी मशीनचं हेड काढून खांद्यावर घेतलं. स्टँड तसंच राहिलं. गिऱ्हाइकांच्या पिशव्या मी खाटेवर रचल्या, ३१ ब्लाउजपीस, प्रत्येकाला मापाची चिठ्ठी टाचलेली. मला वाटलं, खाट उंच आहे, एवढं तर वाचेल. खाट तरंगते आणि तरंगता तरंगता कलंडते, हे मला त्या रात्री कळलं.

एका शाळेत आमची सोय केली होती. चहूकडे पाणी आणि नळ मात्र कोरडे, कारण पाणी उपसणारे पंपच बुडालेले. मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली तरुण मुलं खांद्यावरून कॅन आणायची. परत आलो तेव्हा घरात घोट्यापर्यंत चिखल. सासूबाईंचं पवित्र शास्त्र फुगून उशीएवढं झालं होतं. मी ते गच्चीवर उन्हात धरून एकेक पान सुटं करत होते. काही पानं सुटली, काही एकमेकांना धरून बसली ती बसलीच.

मग गिऱ्हाइकांकडे जायची वेळ आली. सगळ्यांत अवघड घर होतं लक्ष्मीपुरीत भाजी विकणाऱ्या एका आजीचं. तिच्या नातीच्या लग्नाचे पाच ब्लाउज माझ्याकडे होते. मी रिकाम्या हातानं गेले, तोंडातून शब्द फुटेना. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पोरी, कापड गेलं ते गेलं. तू हाईस न्हवं?" आणि दोन मेथीच्या जुड्या पिशवीत घातल्या. ती ख्रिस्ती नाही. पण देव माझ्याशी त्या दिवशी तिच्या तोंडून बोलला, असं मी आजही म्हणते.

इथवर लिहून थांबले असते तर ही साक्ष झाली असती. पण त्याच रेघेत दुसरीही गोष्ट आहे. माझी सख्खी जाऊ राजारामपुरीत वरच्या मजल्यावर राहते, कोरड्या जागेत. त्या रात्री फोन केला तर म्हणाली, "आमच्याकडे जागा नाही." एवढंच. सकाळी प्रार्थनेला बसते तेव्हा रेघेकडे बघून मला भाजीवाली आजी आठवते. रात्री अकराला मशीनवर पाठ दुखायला लागली की त्याच रेघेकडे बघून जाऊ आठवते.

म्हणून विचारते. कष्टाचे दिवस आठवल्यानं विश्वास वाढतो असं आपण उपदेशात ऐकतो. माझ्यात तर विश्वासही वाढतोय आणि कडूपणाही, एकाच भिंतीवरून. ही रेघ ठेवावी की पुसावी?

---

निवृत्त मास्तर, मिरज

ताई, सलाम. तुमच्या मुलाचं कौतुक वाटलं, शास्त्र काढून वाद घालणारा मुलगा हल्ली दुर्मीळ. पण वचन त्यानं अर्धंच पाहिलंय. त्याला तोच अध्याय चौथ्या ओवीपासून वाचायला सांगा. पौल मागचं टाकतो म्हणजे काय टाकतो? आठव्या दिवशी सुंता झालेला, बन्यामिनाच्या वंशातला, इब्र्यांतला इब्री, नियमशास्त्राच्या बाबतीत परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला, ही ती यादी. आपली कुळी, आपलं शिक्षण, आपली धार्मिकता, हे तो केरात टाकतो. सोसलेलं दुःख त्या यादीत नाही.

दुःखाची यादी त्यानं दुसरीकडे दिलीय, करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, आणि ती एखाद्या हिशेबनिसासारखी मोजून दिलीय. पाच वेळा एकोणचाळीस फटके. तीन वेळा छड्या. एकदा दगडमार. तीन वेळा गलबत फुटलं, एक दिवस आणि एक रात्र समुद्रात काढली. विसरलेला माणूस असे आकडे सांगत नाही. तुमच्या ३१ ब्लाउजपीसांसारखेच आहेत ते.

आता जुन्या करारातलं अनुवाद नावाचं पुस्तक, आठवा अध्याय. मोशे मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटलेल्या इस्राएल लोकांना सांगतो की चाळीस वर्षं रानातून देवानं ज्या वाटेनं चालवलं ती सगळी वाट आठवा. त्यानं तुम्हाला नम्र केलं, उपाशी ठेवलं, मग मान्ना, म्हणजे आकाशातून अन्न दिलं. तुम्ही शिवणकाम करता म्हणून चौथी ओवी मुद्दाम दाखवतो: त्या चाळीस वर्षांत तुमच्या अंगावरचे कपडे जीर्ण झाले नाहीत आणि पाय सुजले नाहीत. कपडे आणि पाय! समुद्र दुभंगल्याची गोष्ट तिथं नाही. रोज अंगावर होतं, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, असं काही तो दाखवतो.

आणि हे तो केव्हा सांगतो? रान संपताना. पुढे चांगली घरं बांधाल, पोटभर जेवाल, गुरंढोरं वाढतील, तेव्हा मनात म्हणाल की हे माझ्या हाताच्या बळानं मिळवलं. त्या दिवसासाठी ही आठवण आहे. पुरात बुडालेल्याला पुराची आठवण करून द्यावी लागत नाही. रंगकामाचे पैसे हातात आलेल्याला द्यावी लागते. माझं बोलणं टोचलं तर क्षमा करा, मी स्वतःलाही तेच सांगतोय. पेन्शन सुरू झाल्यापासून माझी सकाळची प्रार्थना आखडत गेलीय.

तुमच्या कडूपणाबद्दल एक. गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात तेच लोक मिसर देशाची आठवण काढून रडतात. काय आठवतं त्यांना? मासळी, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण. फुकट मिळायचं म्हणतात! विटांचे घाणे आणि चाबूक आठवत नाहीत. म्हणजे आठवण खोटंही बोलते. तिच्यात काय ठेवायचं हे आपणच बघावं लागतं. तुमच्या आठवणीत जावेचं एक वाक्य आहे. त्याच्या आधी-नंतर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे का?

---

यंत्रमागवाला, इचलकरंजी

मास्तर, तुमचा मान राखून थोडं वेगळं लिहितो.

आमच्या घरी आठवणींची कमी नव्हती. वडिलांनी लहानपणी सोसलेलं दुःख आम्ही रोज जेवताना ऐकलं. "आम्ही भाकरीच्या तुकड्यावर दिवस काढले आणि तुम्हाला भाजी नको?" त्यातून आम्ही देवाची आज्ञा पाळायला शिकलो नाही, वडिलांना घाबरायला शिकलो. माझ्या धाकट्या भावानं मंडळीत येणंच सोडलं. त्याला देवाचा आवाज आणि वडिलांचा आवाज वेगळा करता येत नाही.

आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये माझी बहीण गेली. ऑक्सिजनच्या बेडसाठी आम्ही रात्रभर फिरलो. लोक म्हणतात, आठव, देवानं कसं चालवलं. मी आठवतो तेव्हा मला रिक्षात तिचा श्वास ऐकू येतो. ताईंचं पाणी ओसरलं, घर उरलं. ज्याचं माणूसच गेलं त्यानं कुठली रेघ ठेवायची? यशया ४३:१८ मध्ये देव स्वतःच सांगतो की पूर्वीच्या गोष्टी आठवत बसू नका. ताई, मुलाचं ऐका. नवी सून त्या भिंतीसमोर आयुष्य काढणार आहे, तिनं तो पूर पाहिलेला नाही.

---

शाहूपुरीची शिवणवाली, कोल्हापूर

इचलकरंजीच्या दादा, तुमचं वाचून मशीन बंद करून बसले. बहिणीबद्दल काय लिहू? आज रात्री तुमच्यासाठी आणि भावासाठी प्रार्थना करेन, नाव ठाऊक नाही तरी करेन. तुमचं पाणी ओसरलेलंच नाही, हे मला कळलं.

सुनेचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. खरंच, माझ्या रेघेखाली तिनं का जगावं?

मास्तर, जावेच्या वाक्याआधी काय होतं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

---

रात्रपाळीची नर्स, गडहिंग्लज

ड्युटीवरून आत्ताच आले, झोपायच्या आधी लिहितेय.

दादा, तुम्ही दिलेलं यशयातलं वचन बाबेलात अडकलेल्या लोकांना सांगितलेलं आहे. त्याच्या आधीच्याच दोन ओव्यांत देव समुद्रातून वाट काढल्याची आठवण करून देतो. मग म्हणतो, तेवढ्यावर थांबू नका, मी नवं करतोय. पण हे वाद म्हणून सांगत नाही. दुःख ताजं असलेल्याला शास्त्र गप्प बसवत नाही. विलापगीताचा तिसरा अध्याय वाचा. तो माणूस म्हणतो, माझं दुःख, माझी भटकंती, तो कडू दवणा, ते विष आठवून माझा जीव खचलाय. दया रोज सकाळी नवी होते हे त्याच्यानंतर येतं. खचल्याचं देवानं त्याला आधी लिहू दिलं. तुमच्यावर कुणी घाई करत असेल तर करू देऊ नका.

ताई, मला तुमच्या प्रश्नात वेगळंच दिसलं. आठवण ठेवायची कशासाठी, हे अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात अगदी उघड आहे. परदेशी आणि अनाथ यांचा न्याय बिघडवू नका, विधवेचं वस्त्र गहाण ठेवून घेऊ नका. तुम्ही मिसरात दास होता हे आठवा, म्हणून ही आज्ञा देतोय. शेतात पेंढी विसरली तर परत आणायला जाऊ नका, जैतुनाची झाडं दुसऱ्यांदा झोडपू नका, द्राक्षं दुसऱ्यांदा खुडू नका. उरलेलं परदेशी, अनाथ, विधवा यांचं. आणि परत तेच: दास होता हे आठवा. म्हणजे आठवण डोळ्यांतून पाणी काढायला दिलेली नाही. पेंढी उचलायला वळलेला हात तिथंच थांबावा म्हणून दिलीय.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघा. १८७४ च्या सुमाराला मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात थोड्या महिन्यांत वडील, आई आणि मोठी बहीण गेली. त्या आणि भाऊ उरले. तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या, बाप्तिस्मा झाला १८८३ मध्ये. त्या दिवसांची भूक त्या कधी विसरल्या नाहीत. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. वीस वर्षांपूर्वीची ती भूक त्यांनी उराशी धरून ठेवली नसती, तर त्या तिकडे गेल्या असत्या का?

आमच्या वॉर्डात मी हेच बघते. स्वतः कधी अंथरुणाला खिळलेली मावशी शेजारच्या खाटेवरच्या बाईला पाण्याचा पेला न मागता पुढं करते. आणि स्वतः सोसलेली दुसरी एखादी म्हणते, "मला कुणी दिलं होतं?" दोघींची आठवण सारखीच. ताई, तुमच्या आयुष्यात आत्ता कुणाच्या मोरीतून बुडबुडे येतायत, ते बघा. रेघेचं मग ठरेल.

---

रंगारी, कसबा बावडा

वचनाचं मला एवढं कळत नाही. भिंतीचं कळतं, ते सांगतो.

ताई, पुराचा डाग नुसता रंग मारून जात नाही. भिंतीत ओल आणि क्षार बसलेले असतात, ते सहा महिन्यांत रंगातून परत वर येतात, पापुद्रे सुटतात. आमच्या भागात २०१९ नंतर लोकांनी घाईनं रंग दिले आणि दुसऱ्या दिवाळीला तीच रेघ पिवळी होऊन दिसायला लागली. आधी सुटलेला गिलावा खरवडा, ब्रशनं क्षार झाडा, भिंत पुरती वाळू द्या, मग प्रायमर, मग पुट्टी, परत प्रायमर, मग रंग. डिसेंबरची हवा कोरडी आहे, काम चांगलं होईल.

आणि तुम्हाला खूण ठेवायची असेल तर सगळी भिंत कशाला? मशीनच्या मागं, कोपऱ्यात, वीतभर जागा टेप लावून सोडता येते. कडा सरळ येते. एका घरात करून दिलंय असं, त्यांच्या आजोबांनी कोळशानं लिहिलेलं काहीतरी होतं.

---

निवृत्त मास्तर, मिरज

रंगाऱ्यांनी जे सांगितलं ते मला शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात सापडलं. सातव्या अध्यायात शमुवेल दगड उभा करून त्याचं नाव एबन-एजर ठेवतो, येथवर परमेश्वरानं आम्हांला साहाय्य केलं म्हणून. पण त्याच पुस्तकाचा चौथा अध्याय पाहा. इस्राएल लोकांनी एबन-एजरापाशीच तळ दिला होता, आणि तिथंच ते हरले, देवाच्या कराराचा पवित्र कोश शत्रूच्या हाती गेला. हरल्याच्या जागेचं नाव शमुवेलानं मुद्दाम त्या दगडाला दिलं असावं असं मला वाटतं. आणि दगड एकच होता, अख्खं मैदान त्यानं दगडांनी भरलं नाही.

इचलकरंजीकर, तुमच्या वडिलांबद्दल लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. मीही वर्गात आणि घरात तसंच बोलत आलो. माझ्या मुलाला आज फोन करणार आहे.

---

शाहूपुरीची शिवणवाली, कोल्हापूर

चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण नर्सताईंच्या शेवटच्या ओळीनं झोप गेली होती. आता सगळं खरं लिहिते.

माझ्याकडे हेमिंग आणि हुक-बटणाला एक मुलगी येते, शिरोळ तालुक्यातली. २०२१ च्या पुरात त्यांच्या घराची भिंत पडली, तेव्हापासून मायलेकी इथं भाड्यानं राहतात. मी हा प्रश्न लिहायच्या आठवडाभर आधी तिनं पाच हजार उचल मागितली. घरमालक खोली सोडा म्हणत होता. मी मान वर न करता म्हणाले, "लग्न आहे माझ्या घरात, पैसे कुठून आणू?" ती काही बोलली नाही. हुक लावत राहिली. ती बसते ती जागा त्याच भिंतीला लागून आहे, तिचं डोकं रेघेच्या खाली येतं. मी रोज त्या रेघेकडे बघून देवाचे आभार मानत होते आणि तिच्या खाली बसलेली मुलगी मला दिसत नव्हती. जावेच्या तोंडचं वाक्य आणि माझ्या तोंडचं वाक्य यांत फरक काय, ते मला सापडलं नाही.

नर्सताईंचं वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला पैसे दिले. भिंतीच्या रंगासाठी ठेवलेल्यातले दिले, म्हणून आता फक्त पुढची खोली रंगवतोय, मागची राहू दे. मुलाला कारण सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि स्वतःच घरमालकाशी बोलायला गेला, मी सांगितलं नव्हतं.

रंगाऱ्यादादा, तुम्ही म्हणालात तसं मशीनच्या मागं वीतभर जागा सोडलीय. गिलावा खरवडला तेव्हा खालून गाळाचा बारीक चिकट थर निघाला, नदीची माती, एवढ्या वर्षांनी अजून ओलसर. मुलानं टेप लावून झाल्यावर पेन्सिल मागितली आणि रेघेशेजारी "येथवर" एवढाच शब्द लिहिला. त्याला मास्तरांचं लिहिणं मी वाचून दाखवलं होतं. इचलकरंजीच्या दादा, सुनेच्या बसायच्या जागेवरून ती खूण दिसत नाही, मी स्वतः तिथं बसून पाहिलं.

सासूबाईंचं शास्त्र परवा काढलं. अनुवादाची पानं चिकटलेलीच आहेत, आठवा अध्याय मला मोबाईलवर वाचावा लागला.

राहिली जाऊ. तिच्यासाठी पत्रिका बाजूला काढलीय, तिचं नाव मीच माझ्या हातानं लिहिलं. पोस्टानं पाठवायची नाही असं ठरवलंय. हातात द्यायची आणि विचारायचं, त्या रात्री तुमच्याकडे काय चाललं होतं. दोनदा रिक्षा स्टँडपर्यंत जाऊन परत आले. उद्या रविवार आहे. पत्रिका पिशवीत घालून ठेवलीय, उपासनेनंतर तशीच पुढं जाईन. प्रार्थनेत आठवण ठेवा.